शेंडीचा धडा

उद्यमबागेत, चौथ्या शेडमध्ये, रात्रपाळीला
माझ्या डाव्या हाताला जपानी यंत्र, उजव्या हाताला कोरियन.
दोन्ही पंपाचे तेच शाफ्ट कापतात,
दोन्हींना तेल एकाच पिंपातलं.
फरक म्हणाल तर जपानीचं दार बंद होताना कळत नाही.
कोरियन जरा आपटतं.

आमचे बाबा, कल्लाप्पा मुतगेकर मास्तर,
वडगावच्या मराठी शाळेत इतिहास शिकवायचे.
पुस्तकात या दोन देशांना मिळून दीड पान.
बाबा त्याला आठवडा लावायचे.

"काळी जहाजं आली रे," म्हणत
डस्टर टेबलावरून असं सरकवायचे
की पहिल्या बाकावरची पोरं मागं सरायची.
"जपानी माणूस घाबरला. घाबरून काय केलं?
जहाज मोजलं.
तोफेचं तोंड किती रुंद, ते कागदावर उतरवून घेतलं.
वीस वर्षांत डोक्यावरची शेंडी उतरवली.
रडला असेल घरात. पण कात्री त्याची होती."

मग हातावरचा खडू फुंकायचे.
"कोरियानं दगड उभे केले, रस्त्यारस्त्याला.
त्यावर कोरलं, परक्याशी तह म्हणजे देश विकणं.
दगड चांगला होता.
पण दगडाला पोहता येत नाही.
आणि मग एका थंडीत हुकूम सुटला, शेंड्या कापा.
राजाची आधी कापली.
वेशीवर शिपाई कात्र्या घेऊन उभे.
म्हातारे कापलेले केस रुमालात बांधून घरी न्यायचे,
आईबापांनी दिलेले म्हणून.
आणि हुकमामागं कोण?
ज्यानं आपली आपण कापली होती, तोच."

मागच्या बाकावरून शिवलिंग ढवळी, मागवाल्यांचा,
"सर, म्हणजे शेंडी चांगली का वाईट?"
बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.
बाजार गल्लीतून मागांचा खटखटाट येत होता.
म्हणाले, "शेंडीचं सोड. घंटा झाली."

घंटा झाली नव्हती.

त्याच साली शिवलिंगच्या आजोबांनी
हातमाग माळ्यावर चढवला, कर्ज काढून पॉवरलूम आणला.
शेजारच्या तेरदाळांनी नाही आणला.
म्हणाले, लुगडं आमच्या हाताला कळतं.
पाच वर्षांनी तेरदाळांचा थोरला
ढवळींच्या लूमवर रोजंदारीला.
बाबांनी हे उदाहरण वर्गात कधी दिलं नाही.
तेरदाळांच्या पोरांचीही हजेरी घ्यायची असायची त्यांना.

मी कन्नड शिकलो बसव्वाच्या टोपलीपाशी.
एष्टु? हत्तु. जास्ती आयतु.
मूठभर कोथिंबीर फुकट मिळावी म्हणून.
कुणी शीक म्हटलं नव्हतं.
अजून स्वप्नात कधी कधी सुट्टे पैसे कन्नडात मोजतो.

परवा एक माणूस टेप घेऊन आला,
शेडच्या पाटीचं माप काढून गेला,
कुठली अक्षरं वर, कुठली किती मोठी.
तीच ती गोल अक्षरं,
मला लिहिता येतात, बरी येतात.
संध्याकाळी बसव्वापुढं उभा राहिलो
तर एष्टु घशातच.
दोडक्याकडं नुसतं बोट केलं.
ती म्हणाली, "काय रे, जीभ कुठं ठेवून आल्लास?"
मराठीत.

बाबा एकदाच शेडवर आले, डबा द्यायचं निमित्त करून.
दोन्ही यंत्रांच्या पत्र्यावरून हात फिरवला,
मग स्वतःच्या टकलावरून.
"हे कोरियाचं चालतंय बरं?"
म्हटलं, चालतंय की. स्वस्त आहे. सुटा भाग लवकर मिळतो.
तेवढ्यात ते दार आपटलं.
बाबा दचकले नाहीत.
उशिरा आलेल्या पोराला वर्गात घेताना
हलवायचे तशी
मान हलवली.